आजार उलटलाय की नुसता दिवस वाईट आहे? जीबीएस-सीआयडीपीवाल्यांसाठी जरा सविस्तर

मी एका सरकारी बँकेत कॅशला होते. एक दिवस नोटा मोजताना लक्षात आलं की बंडल हातात आहे की नाही हे बघितल्याशिवाय मला कळतच नाहीये. बोटं बधिर, पायाच्या तळव्यांना मुंग्या, म्हटलं बी-१२ कमी असेल. दहा दिवसांत जिना चढता येईना. मग ॲडमिट, पाठीतलं पाणी काढलं, एनसीव्ही (नसांमधून करंट किती वेगाने जातो ती तपासणी) झाली, जीबीएस, म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार सांगितला, पाच दिवस आयजीचं (इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडीजचं औषध) ड्रिप लागलं आणि वॉकरवर का होईना पण मी घरी आले. सगळ्यांनी पेढे वाटल्यासारखे चेहरे केले. आणि आजार सुरू झाल्यापासून दहाव्या आठवड्यात पाय परत लटपटायला लागले.

त्यानंतर तीनदा असं झालं तेव्हा कुठे नाव बदललं, सीआयडीपी, म्हणजे तसाच पण लांबत जाणारा, परत परत उलटणारा नसांचा आजार. मधल्या काळात एका ठिकाणी मला "टेन्शन फार घेता तुम्ही" असंही ऐकवलं गेलं, आणि मी ते दोन आठवडे खरं मानलं, हा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसची साथ आली, दोनशेच्या वर पेशंट झाले, तेव्हापासून ओळखीतून बरेच जण विचारतात की घरी आलोय पण परत होईल का, आज पाय जड वाटतायत म्हणजे उलटलं का. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून दमले म्हणून एकदाच लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्टचाच. पण दोन अपॉइंटमेंटच्या मधे जे दिवस असतात ना, ते आपल्यालाच काढायचे असतात.

आधी तुमचं नेमकं काय आहे ते विचारा

हे फार जणांना माहीतच नसतं, डिस्चार्ज कार्डावर काहीतरी लिहिलेलं असतं आणि घरचे सांगतात "नसांचा आजार". नुसत्या "नसांच्या आजारा"वर प्लॅन करता येत नाही.

जीबीएस साधारण चार आठवड्यांत व्हायचा तेवढा वाईट होतो, मग थोडा काळ तिथेच थांबतो आणि मग सुधारायला लागतो. सीआयडीपी आठ आठवडे उलटून गेले तरी वाढतच राहतो, नाहीतर सुधारून परत उलटतो. दोन्हीत आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर, बहुतेक वेळा नसेवरच्या आवरणावर, हल्ला करते. वायरवरचं प्लॅस्टिक सोलल्यासारखं होतं, करंट नीट पोचत नाही.

नावाने फरक काय पडतो? खूप पडतो. स्टिरॉईड सीआयडीपीत चालतं, जीबीएसमधे त्याचा उपयोग होत नाही. आणि शक्यता वेगळ्या. जीबीएस झालेल्या साधारण १०० पैकी १० जणांना उपचारानंतर पहिल्या दोनेक महिन्यांत परत थोडी घसरण होते, औषधाचा असर ओसरतो आणि आजार अजून चालूच असतो म्हणून, त्याला लगेच सीआयडीपी म्हणत नाहीत. पण आठ आठवड्यांनंतर घसरलात किंवा तीन वेळा किंवा जास्त घसरलात तर डॉक्टरांना सीआयडीपीचा संशय यायलाच हवा. जीबीएस म्हणून सुरुवात झालेल्यांपैकी साधारण ५ टक्के लोक पुढे सीआयडीपी निघतात, त्यातली मी एक. उरलेल्यांना पूर्ण बरं झाल्यावर वर्षांनी परत जीबीएस होण्याची शक्यता १०० मधे दोन ते पाच. म्हणजे पुण्याच्या साथीत झालेल्या बहुतेकांना हे परत होणार नाहीये, हे आधी नीट डोक्यात घ्या आणि मग पुढचं वाचा.

वही

माझं सगळं या वहीवर उभं आहे. कारण असं की आपली आठवण भयंकर खोटं बोलते. वाईट दिवशी वाटतं मागच्या महिन्यात मी पळत होते, आणि डॉक्टरसमोर बसलं की तोंडातून निघतं "हो बरंय तसं". आकडा खोटं बोलत नाही.

आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. मी सकाळी चहानंतर करते. रोज करू नका, रोज केलं की माणूस वेडा होतो, मी झाले होते.

हाताची पकड कशी मोजायची ते सांगते, कारण ते यंत्र महाग असतं. जुनं डायलवालं बीपीचं मशीन घ्या (आकडे दाखवणारं डिजिटल नको). पट्टा गुंडाळून त्याची गुंडाळी करा, काटा २० वर येईपर्यंत हवा भरा आणि मग ती गुंडाळी जोरात दाबा. काटा कुठवर गेला ते बघा. तीनदा करा, सगळ्यात मोठा आकडा लिहा, दोन्ही हातांचा वेगळा. माझा उजवा हात चांगल्या काळात १९० ला जातो, पहिल्यांदा उलटलं तेव्हा ११० होता, आणि मला मात्र वाटत होतं की हात ठीक आहेत, फक्त पायच गेलेत.

चालण्याचं: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, मोबाईलवर सेकंद लावायचे. फरशीवर चिकटपट्टी लावून ठेवा म्हणजे अंतर बदलत नाही. घरात कोणीतरी शेजारी पाहिजे, पडलात तर वहीचा काय उपयोग.

बोटांचं: मी ब्लाऊजचे हुक लावायला किती वेळ लागतो ते लिहिते. शर्टाची पाच बटणं चालतील.

आणि एका श्वासात किती आकडे म्हणता येतात. पूर्ण श्वास घ्यायचा आणि साधारण सेकंदाला दोन या वेगाने एक दोन तीन करत जायचं. ठणठणीत माणूस ५० च्या आसपास जातो. याचं महत्त्व पुढे सांगते.

शेवटच्या रकान्यात चार शब्द. ताप, जुलाब, झोप नाही, पाहुणे, पाळी, गोळी चुकली, लग्नाला गेले, ऊन. हा रकाना लोक गाळतात, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

आता मुख्य प्रश्न, उलटलंय का?

बरं, सकाळी उठलात आणि पाय सिमेंटचे झालेत. पहिली गोष्ट म्हणजे गुगल करायचं नाही. वही काढायची आणि मोजायचं.

आकडे नेहमीसारखे आणि फक्त वाटतंय वाईट, तर शेवटचा रकाना वाचा. ताप आलेला असताना, झोप झालेली नसताना, मे महिन्यात दुपारी बाहेर गेल्यावर, अर्धवट दुरुस्त झालेल्या नसा आधी कुरकुरतात. ते ओसरलं की नसाही परत जागेवर येतात. मी दोन-तीन दिवस देते. आराम, पाणी, गोळ्या वेळेवर, परत मोजणी.

आकडे घसरलेत, आणि दोन-तीन दिवसांनी परत मोजल्यावरही घसरलेलेच आहेत, दोन्ही बाजूंना आहे, बधिरपणा पोटरीवरून गुडघ्याकडे चढतोय, तर फोन करायचा. वाट बघायची नाही, सण आहे म्हणून नाही, मुलाची परीक्षा आहे म्हणून नाही. लवकर पकडलं तर नसेचं फक्त आवरण गेलेलं असतं, ते परत येतं. उशीर झाला की आतली तार तुटायला लागते आणि तिची भरपाई फार हळू होते. किती घसरलं की फोन करायचा हा आकडा तुमच्या डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्या दिवशी मग स्वतःशी वाद घालत बसावं लागत नाही.

मधे काही तोतये पण असतात. यांच्यामुळे मी दोनदा फसलेय.

एक, स्टिरॉईड. बरेच महिने घेतलं की मांड्यांचे आणि खांद्याचे स्नायूच कमजोर होतात, खाली बसलं की उठता येत नाही, आणि आपण म्हणतो रोग आला. त्यात बधिरपणा वाढलेला नसतो, ही त्याची खूण. यावर स्टिरॉईड वाढवलं तर अजूनच पंचाईत, म्हणून सांगा डॉक्टरांना की मांडीत जास्त आहे.

दोन, मांडी घालून बसणं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली हाडावरून एक नस जाते, पूजेला तासभर मांडी घातली किंवा उकिडवं बसून निवडणं-टिपणं केलं की ती दबते आणि एकाच पायाचं पाऊल लटकतं. धडधाकट माणसाला होतं, मग आपल्याला तर होणारच. एकच पाय आणि एकदम, तर आधी हे आठवा. माझं सत्यनारायणाला झालं. आता मी खुर्चीवर बसते, गुरुजींना काही फरक पडत नाही.

तीन, साखर, थायरॉइड, बी-१२. स्टिरॉईडने साखर वाढते आणि साखरेने नसा अजून खराब होतात, तेव्हा तपासत राहा. आणि त्याच्या उलट, "नसांची ताकद" म्हणून लाल-गुलाबी गोळ्या मेडिकलमधून मनाने आणून वर्षानुवर्षं खाऊ नका. त्यात बी-६ असतं, आणि बी-६ जास्त दिवस जास्त प्रमाणात गेलं तर त्यानेच नसा खराब होतात. तेच काड्या-मुळ्यांच्या पुडीचं. काही पुड्यांमधे लपवलेलं स्टिरॉईड सापडतं, काहींत शिसं आणि आर्सेनिक, आणि ही दोन्ही नसांची विषं आहेत. "नस मोकळी करून देतो" म्हणणारा माणूस प्रत्येकाच्या नात्यात असतोच, त्याला चहा द्या, पाय देऊ नका.

आणि हे झालं तर वही बंद, सरळ १०८ किंवा गाडी काढा: एका श्वासात २० पर्यंतही आकडे जात नाहीत, आडवं झालं की दम लागतो, गिळताना ठसका, आवाज नाकातून, उशीवरून मान उचलता येत नाही. रात्री दोन वाजता सुद्धा. श्वासाचे स्नायू कमजोर होतात तेव्हा ऑक्सिजनचं ते बोटाला लावायचं मशीन बराच वेळ ९८ दाखवत राहतं, त्यावर विसंबून राहू नका, आकडे म्हणून बघा. अर्ध अंग आणि तोंड एकदम वाकडं हे आपलं नाही, तो पॅरालिसिसचा झटका असू शकतो, त्यातही तितकीच घाई.

चांगल्या दिवशी एक कागद करून ठेवा

पहिल्या वेळी कॅज्युअल्टीत माझे मिस्टर एवढंच सांगू शकले की "हिला नसांचं आहे आणि ते महागडं इंजेक्शन लागतं". त्यांचा दोष नाही, मी कधी सांगितलंच नव्हतं. आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, आणि त्याचा फोटो मिस्टरांच्या, मुलाच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मोबाईलमधे.

त्यात काय? आजाराचं पूर्ण नाव. वजन, कारण आयजीचा डोस वजनावर असतो, पहिला पूर्ण कोर्स किलोला दोन ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. आधी कुठल्या कंपनीचं लागलं, काय त्रास झाला. मला भरभर सोडलं की डोकं फुटतं आणि उलट्या होतात, म्हणून मोठ्या अक्षरात "हळू सोडा, आधी पाणी भरपूर" असं आहे. सध्याच्या गोळ्या. स्टिरॉईड चालू असेल तर "अचानक बंद करू नका" हे लाल पेनाने, कारण बाहेरून घेत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं आणि एकदम तोडलं तर जीवावर बेतू शकतं. बीपी, साखर, किडनीचं काही, कधी रक्ताची गाठ झाली असेल तर ते सुद्धा, आयजीच्या आधी हे त्यांना कळायलाच हवं. न्यूरोलॉजिस्टचा नंबर. आणि पॉलिसीचा नंबर.

जाता जाता एक. आयजी म्हणजे हजारो लोकांच्या प्लाझ्मामधून काढलेल्या अँटीबॉडीज, त्यामुळे ड्रिपनंतर काही आठवडे रक्ताच्या काही तपासण्या खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात, कावीळ बी वगैरे. घाबरून जायच्या आधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा की ड्रिप कधी लागलंय.

ड्रिपच्या आधीचा आठवडा

सीआयडीपीवाल्यांना हे लगेच कळेल. ड्रिप लागलं, आठवड्याभरात हात उघडायला लागले, दोन आठवडे मजेत, आणि पुढचं ड्रिप जवळ आलं की परत सगळं उतरतं. मला आधी दर वेळी वाटायचं झालं, आजार परत आला. पण तो असर ओसरणं असतं, आणि दर वेळी त्याच दिवसांत येतं. वहीत तीन-चार चक्रं लिहिली की दिसायलाच लागतं. माझं साधारण १८ व्या दिवसापासून उतरायचं. वही दाखवल्यावर डॉक्टरांनी चार आठवड्यांचं अंतर तीन केलं आणि तो खड्डाच गेला. नुसतं "बरं नाही वाटत" म्हटलं असतं तर हे झालं नसतं.

याची दुसरी बाजू, डॉक्टर मधून मधून डोस कमी करून बघतात, की अजून गरज आहे का. बघायलाच हवं, काही जणांचा आजार शांत झालेला असतो आणि उगाच लाखाचं औषध चालू असतं. कमी केल्यावर घसरलात तर परत पूर्वीच्या डोसवर. माझं असं दोनदा झालं, पहिल्यांदा मी आठवडाभर रडले की सगळं पाण्यात, दुसऱ्यांदा फक्त वहीत तारीख लिहिली.

"कधी बरी होणार?"

डॉक्टर सांगत नाहीत कारण त्यांना सांगता येत नाही. आवरण गेलं असेल तर आठवड्यांत-महिन्यांत येतं. आतली तार तुटली असेल तर नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तीही सगळं नीट असेल तर. गुडघ्यापासून पावलापर्यंत ४० सेंटीमीटर धरा, म्हणजे ४०० दिवस. म्हणून मांड्या आधी सुधारतात आणि पावलं शेवटी, आणि काहींची अर्धवटच राहतात. माझी राहिलीयेत. अंगठे अजून बधिर आहेत आणि ते आता तसेच राहणार असं मी धरून चालते.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या, राहिलेली कमजोरी वेगळी आणि चालू असलेला आजार वेगळा. दोन वर्षं पकड १९० लाच आहे, वाढत नाही पण घटतही नाही, म्हणजे आजार शांत आहे आणि जे गेलं ते गेलंय. तिथे अजून औषध वाढवून काही होत नाही. तिथे काम फिजिओचं, पाऊल उचलून धरणाऱ्या एएफओ पट्ट्याचं, आणि सवयींचं.

फिजिओत माझा एकच हिशोब, आजचा व्यायाम उद्या सकाळी मोजायचा. उद्या नेहमीपेक्षा जास्त गळालात तर परवा अर्धा करा. "घाम निघेपर्यंत करा" हे जिमवाल्यांना ठीक आहे. आणि थकवा खरा असतो, आळस नसतो, हात-पाय बरे दिसत असताना सुद्धा असतो. मी दिवसाची दोनच मोठी कामं ठरवते. आंघोळ-केस धुणं हे एक मोठं काम धरते, हसू नका.

घरातलं पटापट

आंघोळीचं पाणी कोपराने बघा, पावलाने नाही. तवा-कुकर बधिर बोटांनी उचलू नका, कळायच्या आधी भाजतं, भाकरी मी आता उलथण्यानेच उलटते. पाठीमागे पट्टा असलेली चप्पल घ्या, नाहीतर साधी चप्पल पायातून निघून गेलेली चार पावलांनी कळते, पावसात तर विचारूच नका. रात्री पावलांचे तळवे आरशात बघा, खडा टोचून जखम झालेली असते आणि आपल्याला पत्ता नसतो. बाथरूममधे धरायला दांडी, रात्री छोटा दिवा, कारण अंधारात पायांना जमीन कळत नाही, डोळ्यांनीच तोल सांभाळलेला असतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो तो याचमुळे. बसून तोंड धुवा.

पैसे आणि नोकरी

मेडिक्लेम असेल तर आधी लेखी विचारा की दिवसभराचं ड्रिप लावून संध्याकाळी घरी गेलं तर चालतं का, बऱ्याच पॉलिसींना २४ तास ॲडमिट लागतं. हे ईमेलवर घ्या, फोनवर कोणीही काहीही सांगतं. पॉलिसी नसेल तर हॉस्पिटलमधल्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडे ॲडमिट व्हायच्या आधीच जा, नंतर गेलं की कागदांची रडारड होते. तिथे बसलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज.

दिव्यांग प्रमाणपत्राची लाज वाटून घेऊ नका. मला वाटली, दीड वर्ष फुकट घालवलं. ताकद-चालणं तपासून टक्केवारी देतात, सुधारण्याची शक्यता असेल तर मुदतीचं देतात. सरकारी आस्थापनेत असाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचून ठेवा: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीचं दुसरं काम द्यावं लागतं. मी कॅशवरून लोन सेक्शनला आले ते याच्याच जोरावर.

डोक्यातलं

रात्री तीनला जागी होऊन पायाची बोटं हलतायत का बघणं, हे मी वर्षभर केलं. कोणी सांगितलं नव्हतं की हे बहुतेक सगळेच करतात. आता वहीचे वार ठरलेत म्हणून बाकीच्या दिवशी स्वतःला सांगते, आज मोजायचा वार नाही, झोप. कधी कधी ऐकते. त्याच्या पलीकडे जात असेल, रडू थांबत नसेल, जगून काय करायचं असं यायला लागलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो. आणि न्यूरोलॉजिस्टला पण सांगा, नसांच्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या उदासीवर पण चालतात, तर एका गोळीत दोन कामं होऊ शकतात.

घरच्यांना काम वाटून द्या. नुसती काळजी करणाऱ्या माणसाचा फार ताण येतो. माझा मुलगा स्टॉपवॉच धरतो, मिस्टर बाटल्यांचे बॅच नंबर लिहून घेतात, आणि सासूबाई, ज्या आधी दर तासाला विचारायच्या "आता कसं वाटतंय गं", त्यांना मी बुधवार-रविवारची आकडे लिहायची वही देऊन टाकली. परवा मी म्हटलं आई, आज जरा जडच वाटतंय, तर चष्मा लावून पान उलटत म्हणाल्या, "काल मुंबईची माणसं येऊन गेली रात्री बारापर्यंत, ते लिहिलंय मी. रविवारी बघू."